गिऱ्हाइकाचे पाय

"मागची सीट आधी काढावी लागेल," उल्पियानो म्हणाला. "तू बस. मदतीच्या नावाखाली मध्ये मध्ये करू नकोस."

नेरेओ हसून पालथ्या क्रेटवर बसला. त्याची गाडी तीस वर्षांची होती, लाल रंग उडून गुलाबी झालेली. पुढचे स्पीकर कधीच मेले होते. मागच्या काचेखालचे दोन तेवढे उरले होते आणि तेही ऊन खाऊन फाटले होते.

"रविवारी नदीवर जायचंय," तो म्हणाला. "मागच्या खेपेला शेजारच्या गाड्यांतून नाचायला लावणारं झकास मेरेंगे वाजत होतं आणि आमच्यातून नुसती घरघर. ही म्हणाली, गाडीला दमा झालाय."

"दमा नाही म्हटलं," कॉफीचा थर्मास घेऊन आलेली त्याची बायको फिओरदालिसा म्हणाली. "तुझ्यासारखी घोरते म्हटलं."

उल्पियानो खो खो हसला. त्याचे डोळे तिच्या ओठांवर होते, त्यामुळे एकही शब्द सुटला नव्हता.

डावा कान जाऊन त्याला वर्ष झालं होतं आणि उजवाही त्याच्या मागोमाग जवळजवळ गेलाच होता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्या बोनाओ गावाच्या गाड्यांना आवाज देणारा उस्तादच बहिरा झाला म्हटल्यावर दुकानाकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलगी न्यूयॉर्कहून सारखी लिहायची, दुकान बंद करा, इकडे या. पण तिथं जाऊन करायचं काय? खिडकीत बसून बर्फ बघायचा? या टिनाच्या शेडखाली तो कुणीतरी होता. तरी त्यानं स्वतःशी एक करार केला होता, आणि डॉमिनो खेळताना तो एकदा नेरेओलाही बोलून दाखवला होता.

"अजून तेच म्हणतोस?" नेरेओनं विचारलं. त्यासाठी तो उठून अगदी समोर येऊन उभा राहिला. हल्ली त्याला ही खोडच लागली होती. समोर यायचं आणि शब्द मोजून बोलायचं. गल्लीतल्या इतरांनाही ती लागली होती. उल्पियानोला ते सोयीचंच होतं.

"तेच. एक जरी काम परत आलं ना, की शटर खाली. फसवून पैसे घ्यायचे नाहीत आपल्याला."

नेरेओनं बायकोकडे पाहिलं. "मग काय, तू इथंच म्हातारा होणार," तो म्हणाला.

"झालोय की आधीच!"

उल्पियानो मागच्या काचेखाली वाकला. जाळी उचकटली, स्क्रू काढले. जुन्या स्पीकरचा कागद बोट लागताच पापडासारखा मोडला. तारा सोलून त्यानं नवे स्पीकर जोडले, घट्ट बसवले, सीट जागच्या जागी ठोकली. हात अजून तयार होते. भीती होती ती पुढच्या क्षणाची.

पूर्वी तो स्पीकरवर हळूच तळहात ठेवून बघायचा. पण नेरेओच्या गाडीसारख्या जुन्या गाड्या सुरू झाल्या की दारापासून छपरापर्यंत थरथरायच्या. हाताला कळणार काय? म्हणून आता तो गिऱ्हाइकाचे पाय बघायचा. तोंडदेखलं कौतुक कुणीही करतं, पण आवाज चांगला असला की या गावात पाय जागेवर राहत नाहीत.

त्यानं इंजिन सुरू केलं, रेडिओ लावला, बटण बरंच पुढे फिरवलं. हिरवा दिवा लागला.

नेरेओ तसाच उभा. फिओरदालिसाही. दोघांचे पाय जमिनीत रोवल्यासारखे. उल्पियानोची नजर आपोआप शटरकडे गेली.

मग फिओरदालिसानं थर्मास धाडकन टपावर ठेवला. "अगंबाई, हे तर माझं गाणं!" म्हणत तिनं नवऱ्याचा हात ओढला.

आणि ती नाचू लागली. डोळे मिटून, ओठांनी गाण्याचे शब्द म्हणत. नेरेओचे पाय तिच्या पायांशी जुळत नव्हते, पण ते लग्नातही जुळले नव्हते. समोरच्या दुकानातला न्हावी कात्री घेऊनच बाहेर आला, क्षणभर बघत राहिला आणि तोही कंबर हलवू लागला. गळ्यात कापड बांधलेलं त्याचं गिऱ्हाईक, अर्धी दाढी उरलेली, त्याच्या मागोमाग.

"आवाज कमी करू काऽऽ?" उल्पियानो ओरडला, इतक्या जोरात की न्हावी दचकला.

"राहू दे!" फिओरदालिसानं हात हलवला. तिचे डोळे ओले दिसत होते. चांगलं गाणं लागलं की तिचं असंच व्हायचं.

नाच संपला तेव्हा सगळ्यांना घाम फुटला होता. नेरेओनं पैसे दिले आणि मित्राला घट्ट मिठी मारली. "असा आवाज आख्ख्या बोनाओत नाही," तो समोर उभं राहून म्हणाला. "माझ्या भावाची गाडीपण पाठवतो." गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत तो स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होता.

उल्पियानोला भरून आलं. गेलं वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता. त्यानं फोन काढला आणि मुलीला लिहिलं, "इतक्यात येत नाही. तुझ्या बापाला अजून जमतंय."

फाटकाशी राजधानीच्या नंबरची एक गाडी बराच वेळ थांबली होती. त्यातली तरुण बाई उतरून हसत समोर आली.

"उस्ताद, माझेही मागचेच स्पीकर बघायचेत," ती म्हणाली. "पण आधी एक सांगा, तुमच्या गावात गाणं न लावताच नाचतात का?"