मिंट की उबंटू

मुलांसाठी आणलेले जुने कॉम्प्युटर विहाराच्या हॉलमध्ये अख्खा पावसाळा धूळ खात पडले होते, आणि आज साळवे सरांचा संयम संपला. कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकायची, हे सगळ्यांना मान्य होतं. तिच्या दोन प्रकारांपैकी कोणता टाकायचा, मिंट की उबंटू, यावर सरांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांचं घोडं अडलं होतं.

"मिंट म्हाताऱ्यांचं असतंय, सर," सुमेध म्हणाला.

"अन् याचं उबंटू म्हणजे नुसता भपका," प्रणयनं सुनावलं.

"लेकरांना चित्रं काढायचीत, मराठी टायपिंग शिकायचंय. त्याला कोणतंबी चालतं," सर कडाडले. "तुमच्या भांडणापायी त्यांनी अजून माउसला हात लावला नाय. लाज वाटू द्या जरा. व्हा बाजूला."

दर रविवारी भिंतीला टेकून हे भांडण बघणारी मुलं आजही तिथंच बसली होती. दोघांनी आणलेल्या पेनड्राइव्हपैकी हाताला लागला तो सरांनी उचलला आणि स्वतःच कामाला लागले. तासाभरानं पहिल्या कॉम्प्युटरवर उबंटू सुरू झालं. समोर चटई अंथरून सरांनी हाक मारली, "या रे सगळे."

निम्मीच मुलं धावत आली. बाकीची भिंतीपाशी बसून राहिली.

"विशाखा, ये की बाळा. तुला मोर काढायचा होता ना?"

तिनं एकदा स्क्रीनकडं बघितलं आणि मान हलवली.

"नाय सर. ते उबंटूवाले हायेत. आम्ही मिंटवाले त्यांच्या चटईवर बसत नाय."