मध्ये बोलायचं नाही

“मुलगी बोलेल तेव्हा मध्ये बोलायचं नाही हं, काका,” समुपदेशक बाईंनी तिसऱ्यांदा बजावलं. “खुलासे नकोत. ‘अगं पण’ तर मुळीच नको. नुसतं ऐकायचं.”

“ते जमेल,” वायरमनकाका म्हणाले. चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींतून वायरी ओढलेला माणूस, पण आज खुर्चीच्या टोकावर असे बसले होते, जणू तोंडी परीक्षा आहे.

एका अर्थी होतीच. मुलगी सहा वर्षांनी भेटायला तयार झाली होती. एक तास, तोही एकदाच, असं तिनं बाईंना फोनवर ठणकावलं होतं.

बाईंचा अनुभव दांडगा. या खोलीत त्यांनी कितीतरी बाप पाहिले होते. लेकरानं तोंड उघडायचा अवकाश, की यांचं भाषण सुरू! सगळ्यांना त्या हेच औषध द्यायच्या.

मुलगी आली. बसली, पण पर्स खांद्यावरून काढली नाही.

“आई त्या दिवशी मला वाट्टेल ते बोलली. तिचा स्वभावच तो, सोडा. पण तुम्ही, बाबा? मी बॅग भरली, चपला घातल्या, दारात उभी राहिले. आणि तुम्ही काय केलंत? पेपराचं पान उलटलंत!” ती हसली, पण डोळे भरले होते. “जगाच्या घरचे दिवे लावता, आणि स्वतःच्या घरात तुमचाच फ्यूज उडालेला. तेव्हा तुमच्या मनात होतं तरी काय? एक शब्द बोला. शिवी द्या, तीही चालेल.”

काका पुढे वाकले. ओठ हलले. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

झालं, आता खुलासा येणार, बाईंना वाटलं. सवयीनं त्यांची मान हलली. नाही.

काकांनी तोंड मिटलं.

मुलीनं वाट पाहिली. पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

“बरं,” ती उठली. “कळलं मला.”

दार आपटलं असतं तरी बरं झालं असतं. तिनं ते अलगद लावून घेतलं.

तेव्हा कुठे बाई भानावर आल्या. त्या जिना उतरून धावत फाटकापर्यंत गेल्या. रस्ता रिकामा होता.

परत आल्या तेव्हा काका कपाळ पुसत होते.

“एकदाही मध्ये बोललो नाही, मॅडम. बरोबर केलं ना?”

बाई समोरच्या खुर्चीत टेकल्या. “काका, मघाशी तुम्ही... काय सांगणार होतात तिला?”

“काही नाही हो,” वायरमनकाका ओशाळले. “जाऊ नकोस, एवढंच.”