चांगल्या वागणुकीचं वर्ष

सायकलचोर दिलावरला कोर्टानं तुरुंगाऐवजी वर्षभर काम धरून नीट वागायच्या अटीवर सोडलं. पण नारायणगावात त्याला कुणी दारात उभं करेना. शेवटी प्रोबेशनच्या साहेबांच्या शब्दाखातर पानबाईनं नवऱ्याशी, मांगीलालशेठांशी भांडून त्याला आपल्या किराणा दुकानात ठेवलं.

वर्ष सरलं. साहेब चौकशीला आले, तेव्हा मांगीलालशेठ पत्ते कुटायला गेले होते. गल्ल्यावर पानबाईच होती.

"कसा वागला दिलावर?"

"लई गुणाचा, साहेब. येळेवर येतो, पत्त्याला हात लावत न्हाई, उलटून बोलत न्हाई."

"मग आजपासून तो मोकळा!"

दिलावरच्या डोळ्यांत पाणी आलं. पानबाईनं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि साहेबांना हळूच विचारलं,



"तीच अट आता आमच्या ह्यांना लावता का?"