लाल मधाचा चमचा

“द्या इकडे. आजपासून मी खाते,” म्हणत सुनेनं सासूच्या हातातला चमचा काढूनच घेतला. समोर व्यापारी, मध्ये लाल मधाची बरणी. नवऱ्यानं मान खाली घातली. आई आणि बायको यांच्यामध्ये तोंड घालायची त्याची छाती नव्हती.

कड्यावरच्या फुलांचा हा मध मोठा वस्ताद. नखभर घेतला तर अंगात ऊब, चमचाभर घेतला तर धडधाकट माणूस आडवा. म्हणून बरणीत विषारी मध नाही ना, हे पारखायला व्यापाऱ्यांनी नियमच केला होता: घरातल्या कुणीतरी आपल्यासमोर चमचाभर खायचा, मगच सौदा. या घरात तो मान सासूचा. वर्षानुवर्षं ती चमचा तोंडात घालायची आणि व्यापारी जाईपर्यंत ताठ बसायची. चकार शब्द बोलायची नाही. यांचाच मध निर्मळ ठरायचा, म्हणून बाकीचे मधवाले जळायचे. आणि त्या एका चमच्याच्या जोरावर म्हातारीचा घरात काय तोरा! कोठीची किल्ली तिच्याकडे, शेवटचा शब्द तिचा. सुनेनं मात्र डंख सोसायचे, मधाची पोळी पिळायची, वर भांडीही घासायची.

“बसून मध चाटायचा, त्यात कसलं आलंय कर्तृत्व?” कालच ती नवऱ्याला म्हणाली होती, सासूला ऐकू जाईल अशा बेतानं.

सासू आता तिच्याकडे बघत राहिली. “जमेल ना गं?”

“न जमायला काय झालं? काही पथ्य आहे का, आई?”

“कसलं पथ्य? खायचं आणि गप्प बसायचं.”

सुनेनं चमचा तोंडात घातला. जीभ चरचरली, घसा जळला. तिनं सगळा मध गिळला आणि व्यापाऱ्याकडे बघून छान हसली. गडी खूश! सगळ्या बरण्या त्यानं गाडीत चढवल्या. किल्ली आता आपलीच, या विचारानं सुनेला नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

गाडी वळणाआड गेली. सून उठायला गेली तर पायच गेले. डोळ्यांपुढे अंधारी आली, ओठ बधिर झाले. छातीचे ठोके इतके संथ झाले की पुढचा पडतोय की नाही, याचीच धास्ती. नवरा डॉक्टरला आणायला धावत सुटला.

सासूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळावरचा घाम पुसला.

“तुम्ही... एवढी वर्षं कसा पचवलात?”

“पचवतेय कुठली! गालात धरून ठेवायचे. माणूस गेला की मोरीत जाऊन थुंकायचे.”

सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “मग मला... का नाही सांगितलंत?”

सासू तिचे केस मागे सारत राहिली.

“मला तरी माझ्या सासूनं कुठं सांगितलं होतं? मीही अशीच तिच्या मांडीवर पडून शिकले.”