मी करते तसंच करा

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंची आज परीक्षा होती. पेशंटला हात न लावता, नुसतं स्क्रीनवरून तपासायचं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत परीक्षक मॅडम बसलेल्या. नजरेतून काही सुटलं तर प्रशिक्षणाचं अख्खं वर्ष पाण्यात जाणार.

"मावशी, मी करते तसंच करा हं. अशी मूठ वळा."

मावशींनी वळली. बोटं तळव्यापर्यंत पोचलीच नाहीत, अर्ध्यावर थांबली.

"दुखतंय का? सकाळी उठल्यावर बोटं आखडतात?"

"छे हो, मला काय धाड भरलीय."

सूज नाही, दुखणं नाही, मग बोटं मिटत का नाहीत? मॅडम काहीतरी लिहू लागल्या तसा बाईंना दरदरून घाम फुटला.

"मावशी, सगळा जोर लावून वळा बरं."

मावशींनी एका झटक्यात गच्च मूठ वळून दाखवली. "अशी होय? मग आधी तुम्ही नीट वळा की. मघापासून तुमचं बघून मी अर्धवट धरून बसलेय."



बाईंनी सगळा जोर लावला. बोटं अर्ध्यावरच थांबली.