हुंकार

मेथी निवडता निवडता आई ऐकत होती. डॉक्टरकीच्या परीक्षेआधी केतकी प्रतिकारशक्तीचा धडा तिला मोठ्याने सांगायची. आईला कळो न कळो, गोष्टीला द्यावा तसा हुंकार ती चुकवत नसे.

“शरीर परकं काही टिकू देत नाही, आई. पोटातलं बाळ तेवढं सांभाळतं, ते अर्धं परकं असूनही. त्याच्या काही पेशी तर पुढे वर्षानुवर्षं आईच्या रक्तात राहतात.”

हुंकार आला नाही.

“बाळ जगलं नसलं तरी?” आईने विचारलं.

केतकीला उशिरा आठवलं. तिच्या आधीचा भाऊ जन्मताच गेला होता. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे.

“तरीही,” ती म्हणाली.

आईने पदराला हात पुसले, मनगटावरच्या निळ्या शिरेवरून हळूच अंगठा फिरवला.

“पुढचं सांग. आम्ही दोघं ऐकतोय.”