नाल्यापर्यंत चार रेषा

लाकूडतोडीच्या ऑफिसात जंगलाचा नकाशा वाचण्यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुपारी तिचा धाकटा भाऊ तोडीच्या जागेवरून नाल्याकडे उतरायला निघाला, तेव्हा तिने नकाशावरच्या उंचीच्या रेषा मोजून वॉकीटॉकीवर सांगितलं, "चारच रेषा आहेत, म्हणजे उतार थोडाच. वीस मिनिटांत पाणी लागेल."

तासाभराने त्याचा आवाज आला. "ताई, अजून उतरतोच आहे. नाला ऐकू येतोय, दिसत मात्र नाही."

"वाटेत डुलकी काढली असशील," ती म्हणाली आणि सहज पुन्हा मोजू लागली. रेषा सात भरल्या.

आपलीच नजर चुकली असेल म्हणून तिने चष्मा पुसला आणि पेन्सिलीने एकेका रेषेवर खूण केली. अकरा झाल्या. शेवटची खूण करून तिने पुन्हा सुरुवातीला पाहिलं, तर पहिल्या दोन खुणांच्या मधोमध एक बिनखुणेची रेषा होती.

"हे बघ, नाला राहू दे," ती जमेल तितक्या शांतपणे म्हणाली. "पाठ फिरव आणि आल्या वाटेने वर ये."

खरखरीतून दमलेल्या आवाजात तो म्हणाला, "कधीचा वळलोय, ताई. इकडेही उतारच आहे."